खोक्यावरचा रिकामा काठ

खऱ्या निर्मितीला साक्षीदार लागत नाही. ती आपल्या कर्त्याचं नाव स्वतःच सांगते. हे वाक्य माझं आहे. एका रविवारी सकाळी, समोर पोहे थंड होत असताना, नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळवून देणाऱ्या एका साइटवर स्वतःच्या परिचयात मी ते लिहिलं. सेव्ह केलं आणि लगेच त्याच पानावर एक निळी पट्टी उगवली: तुमचा परिचय अपुरा आहे, तुमच्या कामाबद्दल चार शब्द लिहू शकतील अशा माणसांना विनंती करा.

तेव्हा मी जबलपूरला बडा फुहाऱ्यामागच्या गल्लीत एका छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करत होतो. लग्नपत्रिका, साड्यांची खोकी, शाळांची प्रमाणपत्रं, तेरवीची कार्डं. गिऱ्हाईक मला 'कंप्यूटरवाले भैया' म्हणत. साइटवर मी 'ब्रँड आयडेंटिटी डिझायनर' होतो. दोन्हींत खोटं काही नव्हतं. फरक एवढाच की पहिल्या नावाने हाक मारली तर मी मान वर करायचो.

साइटवर जायची वेळ आली ती दुकानाच्या मालकामुळे. लोक आता मोबाइलवरच पत्रिका तयार करून आणतात आणि फक्त छापून मागतात, असं त्याने एका दुपारी मला समजावलं. त्यात राग नव्हता. नव्या वर्षापासून आधा दिन आ जाया करो, म्हणाला. अर्ध्या दिवसाचा पगार किती, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण भागाकार मला येतो.

बाबांना ही साइट पहिल्यापासून पटली नव्हती. त्यांचं आयुष्य संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेलं. तिथे काय बनवत होते ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी विचारलं तर 'माल' एवढंच उत्तर मिळतं. माझा परिचय त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला.

"हे सगळं काहून लिहून राहिला तू? कोणी विचारून राहिलं का?"

इथे कोणी विचारायच्या आधीच सांगायचं असतं, मी म्हणालो.

"आमच्या वेळी यालाच जेलात टाकत होते," म्हणाले आणि फोन परत दिला.

त्या साइटची भाषा शिकायला मला थोडे दिवस लागले. तिथे कोणी नोकरी बदलत नाही, नव्या प्रवासाला निघतो. कामावरून काढलेला माणूस तिथे सर्वांत कृतज्ञ असतो. माझ्याबरोबर शिकलेला एक जण दुकानांच्या पाट्या करायचा. तिथे तो 'दृश्य-कथाकार' होता. प्रत्यक्षात चौकात भेटला तेव्हा त्याने मला फ्लेक्सचा भाव विचारला. मी हसलो, घरी आलो आणि माझ्या परिचयात 'संवेदना' हा शब्द घातला.

मग मी खोक्याची पोस्ट टाकली. धूपकांडीचं साधं पुठ्ठ्याचं खोकं होतं, नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या पूजेच्या दुकानांत रचलेलं असतं तसलं. त्यावर एकाच बारीक रेघेत घाटाच्या पायऱ्या, दिवे आणि काठाला बांधलेली एक होडी. सगळं खोक्याच्या डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा संपूर्ण कोरा. पोस्टला मी शीर्षक दिलं, 'मौनाची जागा', आणि खाली लिहिलं की नदीचा पलीकडचा काठ मी पाहणाऱ्याच्या मनावर सोडला आहे.

हे पुण्याला आवडलं. तिथल्या एका डिझाइन स्टुडिओच्या प्रमुख बाईंनी मला निरोप पाठवला. चहा, साबण, लोणची अशा वस्तूंची पॅकिंग ते करत. एवढी मोठी कोरी जागा सोडायचं धैर्य आपल्याकडे दुर्मिळ आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. व्हिडिओवर पहिलं बोलणं झालं, चांगलं झालं. काम घरूनच करायचं होतं, महिन्यातून एकदा पुण्याला जायचं. बायकोची शाळेतली नोकरी इथे, बाबांचा हृदयाचा डॉक्टर इथे. जबलपूर न सोडता करता येईल अशी चांगली नोकरी मला त्याआधी कोणी देऊ केली नव्हती आणि नंतर कोणी देईल असं वाटतही नव्हतं. शेवटी आम्ही दोन उमेदवार उरलो. शुक्रवारी संध्याकाळी अखेरची मुलाखत ठरली.

बुधवारी बाईंचा पुन्हा निरोप आला. सोबत एक फोटो होता. फोटोत ते खोकं होतं आणि खोकं हातात धरून उभे असलेले, पांढरा कुर्ता घातलेले एक प्रसन्न गृहस्थ. मी ओळखलं. धूप बनवणारे सेठजी, ज्यांच्यासाठी मी ते खोकं केलं होतं. त्यांची सून एमबीए झालेली. तिने सासऱ्यांच्या नावाने त्याच साइटवर पान उघडलं होतं. त्यावर सेठजी 'संस्थापक, मार्गदर्शक आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर' होते. फोटोखाली लिहिलं होतं: 'परिकल्पना से रेखांकन तक, हमारे बाबूजी की अपनी दृष्टि।'

बाईंनी सौम्यपणे लिहिलं होतं. मागे एका माणसाने दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवलं होतं, तेव्हापासून आम्ही जरा काळजी घेतो. तुमच्या ग्राहकांनी साइटवर तुमच्याबद्दल दोन ओळींची शिफारस लिहिली तर बरं. शुक्रवारपर्यंत. ही केवळ औपचारिकता आहे.

'केवळ औपचारिकता' हे शब्द मी याआधी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी, सही करायला कागद पुढे आला तेव्हा ऐकले होते.

मूळ फाइल असती तर प्रश्नच नव्हता. पण दुकानातला कॉम्प्युटर उन्हाळ्यात बसला होता, आणि दुरुस्त करणाऱ्याने तो आधी पुसला आणि मग फाइली हव्या होत्या का म्हणून विचारलं होतं. आता सेठजींच्या दोन ओळींशिवाय मला दुसरा आधार नव्हता.

त्या रात्री जेवताना घरात हाच विषय. बायको म्हणाली, सरळ सुनेला कळव, तिला दोन मिनिटांचं काम आहे. बाबा म्हणाले, लेखी घे आणि त्यावर मोहर मार. मोहर कुठे मारायची, साइट आहे ती, असं मी म्हटल्यावर त्यांनी अशा जागेवर विश्वास काहून ठेवावा, असं विचारलं. मी सुनेला निरोप पाठवला: सेठजींनी माझ्या कामाबद्दल थोडं लिहून दिलं तर नोकरीला मदत होईल. उत्तरात जोडलेले दोन हात आले.

यात चूक माझीच झाली होती, पण ती मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजली. मी 'नोकरी' हा शब्द वापरला होता.

आमच्या गावात नोकरीसाठी लिहून द्या म्हटलं की प्रतिष्ठित माणूस एकच मजकूर लिहितो. नगरसेवक तोच लिहितात, प्राचार्य तोच लिहितात. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझ्यासाठी तोच लिहिला होता. सेठजींनी आयुष्यात असे कितीतरी सही करून दिले असणार. गुरुवारी सकाळी माझ्या परिचयाखाली, सगळ्या जगाला दिसेल असं, हे झळकत होतं:

'प्रमाणित किया जाता है कि उक्त व्यक्ति को मैं अनेक वर्षों से जानता हूँ। इनका चाल-चलन उत्तम है। ये किसी प्रकार का नशा नहीं करते। मैं इनके उज्ज्वल भविष्य की कामना करता हूँ।'

बायकोने ते वाचलं, डबा भरता भरता थांबली. "चला, नशा करत नाही हे तरी पुण्याला कळलं."

बाबांनी दोनदा वाचलं. यात काय कमी आहे, त्यांना कळेना. त्यांच्या मते मजकूर उत्तम होता, फक्त मोहर राहिली होती.

खोक्याचा त्यात उल्लेखही नव्हता. मी सुनेला फोन केला. ती गडबडीत होती. म्हणाली, बाबूजी पनागरच्या गोदामात आहेत, दिवसभर तिथेच असतील, त्यांनाच भेटून घ्या भैया, ते सांगतील तसं मी बदलून टाकते. दुकानात मी पोट बिघडल्याचं कळवलं.

पनागरच्या रस्त्याला त्या दिवसांत मटारच्या गोण्या भरलेल्या गाड्यांची रांग असते. त्यांच्यामागे स्कूटर रखडवत मी मनात बोलणं जुळवत होतो. हक्क सांगायचा नाही, विनंती करायची. पण इतकीही नाही की उपकार वाटावा. 'रेखांकन' हा शब्द त्यांनी परत घ्यायला हवा, 'परिकल्पना' त्यांच्याकडे राहिली तरी चालेल. मग वाटलं, नाही, परिकल्पनाच महत्त्वाची; रेघ काय, कोणीही ओढेल. एका वळणावर मटारची गाडी अचानक थांबली आणि दोन्ही शब्द थोडक्यात वाचले.

सेठजींच्या गोदामात शिरलं की आधी डोळे चुरचुरतात, मग वास येतो. ते खुर्चीवर बसून पोरींना पॅकिंग करताना बघत होते. मला पाहून मनापासून खूश झाले. चहा सांगितला, बाबांची तब्येत विचारली.

"हुआ क्या, भैया? बहू ने डाल तो दिया।"

मी सगळं सांगितलं. पुणं, शुक्रवार, दुसरा उमेदवार, दुकानातला अर्धा दिवस. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकडे एवढंच विचारताहेत की खोकं केलं कोणी, असं म्हणून थांबलो.

"बनाया तो तुमने ही," ते लगेच म्हणाले. "हाथ तो तुम्हारा था। ऐसा करो, जो लिखना हो तुम ही लिख लाओ। बहू डाल देगी।"

इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. मी चहाचा पहिला घोट घेतला.

"बस एक बात बता दो," ते म्हणाले. "सामने वाला घाट खाली किसने छुड़वाया?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक काम सांगून निघून जात नाही. डिझाइन करणाऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसतं आणि स्क्रीनवर बोट ठेवून काम करवून घेतं: थोडा बायें, लाल कम, नाम बड़ा करो. सेठजीही तसेच बसले होते. मी पहिल्यांदा काढलेल्या चित्रात होडी मधोमध होती आणि रेघ तिला घेऊन पलीकडच्या काठावर जात होती. ग्वारीघाटला होड्या रोज लोकांना पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला नेतात-आणतात, त्यात विशेष काही नाही. पण सेठजींची त्या काळात नर्मदा परिक्रमा चालू होती. एका दमात नव्हे, धंद्याच्या सवडीने, तुकड्यातुकड्याने. आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नदी ओलांडायची नसते.

"तुम तो नाव पार करा रहे थे," सेठजी म्हणाले. "मैंने रोका। आधी परिक्रमा में था मैं। कागज़ पर भी कैसे पार होता?"

मला आठवत होतं. मी तेव्हा त्यांना समजावलं होतं की अर्धं खोकं रिकामं दिसेल, लोकांना वाटेल शाई संपली. पलीकडे निदान एखादं झाड द्या म्हणालो. मग पक्षी देऊन पाहिले. प्रत्येक वेळी त्यांचं बोट स्क्रीनवर यायचं: उधर कुछ नहीं.

"मुँह फुला के बैठे थे तुम," ते हसत म्हणाले. "और अब देखो, पूना पहुँच गया।"

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोयीचं झालं असतं. पण ते खरोखर खूश होते, माझ्यासाठी आणि स्वतःसाठी. निघताना त्यांनी धूपकांडीचं एक पाकीट हातात ठेवलं आणि पुन्हा सांगितलं, लिख लाना, संकोच मत करना.

परत येताना रस्त्याकडेला स्कूटर लावून मी फोनवर लिहायला बसलो. त्यांच्या नावाने, माझ्याबद्दल. 'या खोक्याचं संपूर्ण डिझाइन यांचं आहे.' संपूर्ण खोडलं. 'रेखांकन यांचं आहे.' पण पुण्याला जे आवडलं होतं ते रेखांकन नव्हतंच, त्याच्या शेजारची कोरी जागा होती. तिच्याबद्दल सेठजी काय लिहितील? खरं तेच लिहितील. मटारच्या गाड्या जात राहिल्या आणि मी दोन ओळींसाठी तिथे बराच वेळ बसून होतो. आयुष्यभर इतरांच्या पत्रिकांवर 'आपले विनीत' टाइप केलेल्या माणसाला हे जमायला हवं होतं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, लिहून दिलं का त्यांनी. ते म्हणाले तूच लिही, मी सांगितलं.

"मग लिही ना."

मग तिला पलीकडच्या काठाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचार करून म्हणाली, "आणि उद्या पुण्याच्या बाईंनी नेमकं हेच विचारलं तर काय सांगशील तू?"

सुनेला मी काहीच पाठवलं नाही. चाल-चलन उत्तम असल्याचा दाखला होता तसाच राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी घरात सगळे मोठ्या खोलीत दार लोटून बसले होते, घरात आजारी माणूस असल्यासारखे. बाबांनी टीव्ही बंद केला होता, हे त्यांच्याकडून फार होतं. मी आतल्या खोलीत कपाटाचा आरसा मागे दिसू नये अशा बेताने लॅपटॉप ठेवला. बाई आल्या, सोबत त्यांचा एक सहकारी. थोडा वेळ रंग, कागद, मुदती अशा गोष्टी झाल्या. मी नीट बोलत होतो. शिफारशीचा विषय निघाला नाही.

मग बाईंनी ते खोकं पडद्यावर आणलं.

"अर्धं खोकं कोरं सोडायचा हा निर्णय," त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्राहकाच्या गळी कसा उतरवलात? त्यांनी विरोध केला असेल ना?"

"विरोध मी केला होता," मी म्हणालो. "कोरं ठेवा असं ग्राहकाचं म्हणणं होतं."

आणि पडदा गोठला. बाईंच्या भुवया उंचावलेल्या, तोंड अर्धं उघडं, सहकारी मान वळवून त्यांच्याकडे बघतोय. हे नेटवर्क होतं की माझ्या उत्तराचा परिणाम, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी माझा चेहरा तसाच ठेवला, न जाणो माझा चालू असेल. बाहेर बाबांनी खोकला दाबल्याचं ऐकू आलं.

चित्र हललं तेव्हा बाईंचं वाक्य अर्धं झालेलं होतं. मी त्यांना परिक्रमेचं सगळं सांगितलं. झाड, पक्षी, सेठजींचं बोट.

"मग पोस्टमध्ये 'मी सोडला आहे' असं काहून... का लिहिलंत?" सांगण्याच्या भरात माझ्या तोंडून गेलेला 'काहून' नकळत त्यांच्या तोंडी आला होता.

"त्या साइटवर तसंच लिहितात," मी म्हणालो.

"हं." त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "आणि यात तुम्ही काय केलंत?"

मी विचार केला. "होडी काठाला बांधली. पलीकडचं पुसून टाकलं."

कळवतो, म्हणाल्या. पडदा काळा झाला. मी बाहेर आलो. बायकोने चहा ठेवला. बाबांनी बराच वेळ टीव्ही लावला नाही, यावरून त्यांना काय वाटलं ते समजलं. शनिवार-रविवार मी फोन खिशात न ठेवता फ्रिजवर ठेवला आणि दर थोड्या वेळाने पाणी प्यायला गेलो.

सोमवारी सकाळी निवड झाल्याचा निरोप आला.

प्रत्येकाने त्याचा आपापला अर्थ लावला. बाबांचा दाखल्यावर विश्वास बसला. नशा करत नाही हे वाक्य मोठ्या शहरात कामाला येतंच, म्हणाले. सेठजींच्या सुनेने सासऱ्यांच्या पानावर माझं अभिनंदन केलं आणि 'हमारे यहाँ से निकली प्रतिभा' असं लिहिलं. बायको म्हणाली, खरं बोललास म्हणून झालं. मलाही तेच वाटत होतं, आणि इतकं वाटत होतं की मी साइटवर त्यावर एक पोस्ट लिहिली. सर्जनशील क्षेत्रात श्रेय वाटून घेण्याचं धैर्य आणि सत्याची ताकद, असा तिचा आशय होता. माझ्या कुठल्याच कामाला मिळाल्या नसतील इतक्या पसंतीच्या खुणा तिला मिळाल्या. दृश्य-कथाकाराने खाली 'नमन' लिहिलं.

पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा स्टुडिओत कागदपत्रं बघणाऱ्या मुलीने दुपारच्या जेवणात सहज सांगितलं. दुसऱ्या उमेदवाराला बंगळूरुला जास्त पगाराची नोकरी मिळाली होती आणि त्याने गुरुवारीच नकार कळवला होता. शुक्रवारी त्यांच्याकडे मी एकटाच उरलो होतो.